भिकाबाईच्या ताकाची सुटका

आमच्या तांड्यात माझ्या बोलण्यावर कोणी विश्वास ठेवत नाही, आणि यात तांड्याची काही चूक नाही. इसापूर धरण पहिल्यांदा तुडुंब भरलं तेव्हा एका मरळ माशानं माझी म्हैस गिळली, तिसऱ्या दिवशी काठावर आणून सोडली, आणि तिथून पुढे ती दोन लिटर दूध जास्त देऊ लागली, हे मीच सांगत आलोय. मासा किती मोठा होता असं कोणी विचारलं, तर म्हैस किती मोठी होती ते आधी सांगावं लागतं, आणि तेवढ्यात दुपार होते.

त्यामुळे गेल्या होळीला मी, शंकरसिंग, वय वर्षे अठ्ठ्याहत्तर, पहिल्यांदाच खरं बोललो, तेव्हा लोक नेहमीसारखे हसले आणि चहा प्यायला गेले.

झालं असं. रणजीत आणि शिलाला पोरगा झाला होता, म्हणून धुळवडीच्या दिवशी त्याची धुंड होती. वर्षभरात मुलगा झाला की होळीला आम्ही धुंड करतो. मैदानात खुंट रोवतात, त्याला खाण्याची भांडी दोरखंडानं करकचून बांधतात. भोवती बायका काठ्या घेऊन उभ्या राहतात. पुरुषांनी खुंट उपटून भांडी पळवायची आणि बायकांनी त्यांना बडवायचं. लुटूपुटू नाही, खरोखर बडवायचं. वर्षभराचा हिशोब बायका त्या एका दुपारी चुकता करतात. बाकीच्या तांड्यांत भांड्यात गोड पुऱ्या असतात. आमच्याकडे पुऱ्यांच्या जोडीला ताकाचा हंडाही बांधतात, आणि ताक भिकाबाईचंच असतं. बायकांना दिवसभर प्यायला तिच्या ताकाची घागर वेगळी.

भिकाबाई माझी चुलत भावजय. कळमनुरीच्या आठवडी बाजारात चाळीस वर्षं ती ताक विकते. बाजाराच्या कोपऱ्यात लिंबाखाली तिची जागा, तिथे तिची उंच पितळी घागर. पुसेगावचे बैलवाले तिच्या ताकासाठी वाट वाकडी करून येतात. नवरा गेला, मुलगा पुण्याला गेला, पण ती जागा तिनं सोडली नाही. एकदा तिथे चप्पलवाल्यानं पथारी टाकली, तर ही त्याच्या चपलांवरच बसली आणि दिवसभर ताक विकलं.

तर त्या दिवशी हंडा मी पळवला. वयाचा मान म्हणून बायका मला हळू मारतील असं वाटलं होतं. भिकाबाईनंच पाठीत अशी काठी घातली की मला माझा जन्म आठवला. पण हंडा सोडला नाही. बाभळीमागे बसून सगळा प्यायलो. चार लिटर होतं. मी लोकांना अकरा सांगितलं, पण चार होतं.

दुसऱ्या दिवशी तांडा आडवा झाला. बेचाळीस जण. नुसते पाण्यासारखे जुलाब, भाताच्या पेजेसारखे, आणि थांबायचं नाव नाही. सकाळी धडधाकट असलेल्या रणजीतचे डोळे दुपारपर्यंत खोल गेले, बोटांची कातडी सुरकुतली. त्याला खाटेवरून जीपमध्ये घालून कळमनुरीला नेला, तीन दिवस सलाईनवर ठेवला. कोणी दगावलं नाही, एवढं आमचं नशीब.

मग एक साहेब आले. कोणत्या खात्याचे ते मी सांगत नाही, कारण साहेब म्हातारे होतील तेव्हा त्यांनाही नातवंडांत मान पाहिजे. त्यांनी विचारलं, सगळ्यांनी मिळून काय खाल्लं-प्यायलं? पुनमचंद पुढे झाला. हा मूळचा आमच्याच तांड्यातला, आता डोंगरकड्याला थंड पाण्याच्या जारचा कारखाना चालवतो. लग्न असो की बारसं, त्याची निळी जार आलीच पाहिजेत. धुंडीला त्यानंच पंधरा जार पाठवली होती.

"साहेब, पुऱ्या तर तळलेल्या," पुनमचंद म्हणाला. "पाणी माझं, ते फिल्टरचं, वर लेबल आहे. राहिलं काय? ताक."

साहेबांनी घागरीत उरलेल्या ताकाचा नमुना नेला. लेबल लावलेल्या जारकडे त्यांनी पाहिलंही नाही. आठ दिवसांनी अहवाल आला. आजाऱ्यांच्या पोटात सापडला ई. कोलाय नावाचा जंतू. भिकाबाईच्या ताकातही सापडला ई. कोलाय. नावाला नाव जुळलं, खटला संपला.

साहेबांनी बाजाराच्या दिवशीच येऊन तिच्या घागरीला लाखेचं सील ठोकलं. वर नगरपरिषदेच्या कचरागाडीच्या भोंग्यावरून पुकारा करवला, "भिकाबाई यांचे ताक पिऊ नये, विषारी आहे." गाडी बाजारात तीन चकरा मारून गेली. मग एक कागद पुढे केला. त्यात लिहिलं होतं की माझ्या ताकामुळे लोक आजारी पडले, मला माफ करावं, यापुढे मी हा धंदा करणार नाही.

"सही करून टाक मावशी," पुनमचंद म्हणाला. "विषय मिटंल. या वयात काहून तकलीफ घेते?"

"तू माझ्या अंगणात नागडा फिरला, तवापासून मी तुला वळखते, पुन्या," भिकाबाई म्हणाली. "मागं हो."

मग ती साहेबांकडे वळली. "साहेब, धुंडीत दिवसभर उन्हात उभ्या होत्या बायका. त्यांनी काय प्यायलं? माझं ताक. जार कोणासाठी होती? गड्यांसाठी आन् पाव्हण्यांसाठी. आडव्या पडलेल्यांत बायका किती?"

साहेबांनी यादी चाळली. बेचाळिसात बायका दोन. दोघी बाहेरगावच्या, पाव्हण्या.

"बायका अशा गोष्टी लाजेपोटी सांगत नाहीत, आजी," साहेब समजुतीनं म्हणाले.

भिकाबाईनं मागे उभ्या असलेल्या बायकांकडे पाहिलं. मग माझ्याकडे. "भावजी, सदरा वर करा."

मी सदरा वर केला. पाठीवरचे वळ अजून जांभळे होते.

"ज्या बायांनी भर मैदानात आपल्या दिराला, सासऱ्याच्या भावाला असं हाणलं," ती म्हणाली, "त्या बाया जुलाब झाला सांगायला लाजतील व्हय?"

बायका इतक्या जोरात हसल्या की साहेबांच्या हातातला कागद हलला. तीच वेळ साधून मीही पुढे झालो. "साहेब, सगळ्यात जास्त ताक मी प्यायलो. चार लिटर. जारच्या पाण्याचा थेंब नाही, थंड पाण्यानं माझी दाढ ठणकते. अन् मला साधी ढेकरसुद्धा वाकडी आली नाही."

"अकरा म्हणला होतास!" मागून कोणीतरी ओरडलं.

"हे तेच ना, माशानं म्हैस गिळली वाले?" साहेबांनी पुनमचंदला विचारलं. म्हणजे ती गोष्ट तालुक्यापर्यंत गेली होती. एरवी मला आनंद झाला असता.

भिकाबाईनं सही केली नाही. "त्या काळी सरकारनं आमची जातच गुन्हेगार म्हून लिवलेली. माझ्या सासऱ्यानं तांड्याचं नाव सांगितलं की त्याला ठाण्यात हजेरी द्यावी लागायची. चोरी कुठंबी होवो, हजेरी ह्याची. आता ते माणसावरून जंतूवर आलं व्हय? नाव एक म्हून गुन्हा एक?" असं म्हणून ती सील ठोकलेली घागर डोक्यावर घेऊन चालत घरी आली. पाच कोस. रिकामी नव्हे, भरलेली. आतलं ताक रस्ताभर डुचमळत होतं.

आता हे नावाचं बोलणं तिनं रागात केलं होतं. त्यात शास्त्र आहे हे तिला माहीत नव्हतं आणि मलाही. ते निघालं निलमकडून.

निलम तिची नात, लेकीची लेक. नांदेडला एका प्रयोगशाळेत काम करते, जुलाबाच्या जंतूंवर संशोधन करणाऱ्या सरांच्या हाताखाली. ती रविवारी आली, अहवाल वाचला आणि कपाळावर हात मारला.

"नानी, हे काय लिहिलंय? ई. कोलाय तर प्रत्येकाच्या पोटात असतो. तुझ्या, माझ्या, साहेबांच्या."

"साहेबांच्याबी?" भिकाबाईला फार बरं वाटलं.

"सगळ्यांच्या. बहुतेक गरीब असतात, पोटात पडून राहतात. काहींकडेच विष बनवायचा जीन असतो. जीन म्हणजे जंतूच्या आत लिहिलेली एक कृती, बाळंतिणीच्या लाडवाची वहीत लिहून ठेवतो तशी. ती कृती ज्याच्याकडे आहे तो आतड्याला चिकटतो, विष बनवून सोडतो. त्या विषानं आतड्यातले नळच उघडे पडतात अन् अंगातलं सगळं पाणी बाहेर. रणजीतमामाला तेच झालं. ज्याच्याकडे कृती नाही, त्यानं काय करायचं? बसून राहायचं."

"म्हणजे नाव बघून उपेग न्हाई," मी म्हटलं.

"नाही ना. वही उघडून बघायला पाहिजे."

"बघता येती?" भिकाबाईनं विचारलं.

"येते. यंत्र आहे."

ते यंत्र मी पाहिलं. म्हणजे हट्ट करून गेलो निलमबरोबर. साहेबांच्या तपासणीत ताकातून उगवलेले जंतू आणि आजाऱ्यांचे जंतू पुढे संशोधनासाठी तिच्याच सरांच्या फ्रीजमध्ये जपून ठेवलेले होते. शिलाच्या घरी धुंडीच्या दिवशीची दोन जार न उघडलेली पडली होती, लेबलासकट. ती जीपमध्ये घातली. आणि चौथा नमुना मी स्वतः नेला. बरणीत. माझा स्वतःचा. तपशिलात शिरत नाही, पण कळमनुरीच्या स्टँडवर एका बाईनं "बाबा, लोणचं कशाचं?" असं विचारलं, तेव्हा मी आयुष्यात पहिल्यांदा गप्प बसलो.

निलमचे सर तरुण होते, पोटाला पट्टा घट्ट, बोलणं मऊ. मी त्यांना सांगितलं, "सर, मी चार लिटर ताक प्यायलो, हे कोणी मानत नाही. माझं पोट साक्षीदार म्हणून घ्या." त्यांनी कुठेही न हसता बरणी घेतली, वर नाव लिहिलं, क्रमांक घातला. त्या माणसावर माझा तेव्हाच जीव जडला.

यंत्र दिसायला डबड्याएवढं. निलमनं त्यात बारक्या नळ्या ठेवल्या. मी विचारलं, "हे करतं काय?"

"आजोबा, जीन इतका बारका की दिसणार नाही. म्हणून हे त्याच्या नकला काढतं. एकाचे दोन, दोनाचे चार, चाराचे आठ. तीस फेऱ्या झाल्या की एकाचे शंभर कोटींच्या वर जातात. मग दिसतो."

मी खुर्चीत सरसावून बसलो. अहो, एकाचे शंभर कोटी! मी एवढी वर्षं फुगवतोय, चाराचे अकरा करताना माझी जीभ अडखळते, आणि हे डबडं दोन तासांत शंभर कोटी करतं. मला वाटलं, वा, आपलाच भाऊ भेटला. मग एक शंका आली.

"अन् जीन नसलाच तर?"

"तर काहीच नाही. शून्याचे कितीही दुप्पट करा."

तिथे माझं आणि त्याचं नातं तुटलं. मला शून्यातून म्हैस काढता येते. त्याला येत नाही. बाहेर बाकावर बसून मी बराच वेळ याचा विचार केला, आणि खरं सांगतो, थोडी लाज वाटली. फार नाही.

संध्याकाळच्या आत निकाल आला. आजाऱ्यांच्या जंतूंत विषाचा जीन, ठळक. न उघडलेल्या दोन्ही जारच्या पाण्यात तोच जंतू, तोच जीन. ताकातल्या जंतूंत विषाचा जीन नाही. आणि शंकरसिंग, वय अठ्ठ्याहत्तर, यांच्या बरणीत ई. कोलाय भरपूर, विष बनवणारा एकही नाही.

"म्हणजे तुमचं पोट खरं बोललं," निलम म्हणाली.

"पोट माझं नाही, आईकडचं आहे," मी म्हटलं.

ती लगेच नानीला फोन लावून बसली. आनंदाची बातमी सांगून झाल्यावर म्हणाली, "पण नानी, ताकात ई. कोलाय आला म्हणजे शेणाचा हात कुठेतरी लागला. धार काढल्यावर हात साबणानं धुवायचे, पाणी उकळून घ्यायचं. हे मी सोडणार नाही."

पलीकडून भिकाबाईचा आवाज, "ते माझं चुकलं. ते कबूल. उद्यापासून धुवीन. पण त्या कागदावर जे लिवलंय ते कबूल न्हाई."

सरांनी सही-शिक्क्याचा अहवाल साहेबांना पाठवला. चार दिवसांनी माणसं पुनमचंदच्या कारखान्यावर गेली, तेव्हा कळलं की त्याची बोअर आणि संडासाचा शोषखड्डा यांच्यात दहा पावलांचं अंतर, आणि फिल्टरची जाळी कधी बदलली ते त्याला स्वतःलाच आठवेना. कारखान्याला कुलूप लागलं. पुनमचंद तांड्यात येऊन रणजीतच्या खाटेजवळ बसला, मान खाली. रणजीतनं त्याला पाणी विचारलं. पुनमचंद नको म्हणाला, आणि तिथे बसलेले सगळे हसले. तोही शेवटी हसला, रडल्यासारखा.

आता गोष्ट संपली असं तुम्हाला वाटेल. मलाही वाटलं. पण घागरीवरचं सील तसंच होतं.

पुढच्या बाजारी साहेब लिंबाखाली आले. नम्रपणे म्हणाले, "आजी, अहवाल मिळाला. तुम्ही फक्त एक साधा अर्ज द्या, की सील काढण्याची विनंती आहे. मी मंजूर करतो. लगेच."

भिकाबाई घागरीला टेकून बसली होती. "सील लावताना माझा अर्ज घेतला होता का?"

"तसं नसतं आजी. पद्धत असते. अर्जाशिवाय मला सील काढता येत नाही."

"मग राहू द्या. मी बसते."

आणि ती बसली. विकायला काही नाही, समोर सील ठोकलेली घागर, अंगात फेटिया घागरा, डोक्यावर ओढणी, चांदीच्या पाटल्यांचे हात गुडघ्यावर. गिऱ्हाइकं आली, समोर उकिडवी बसली, गप्पा मारून गेली. त्याच्या पुढच्या बाजारीही ती आली. तशीच बसली. शेजारी कुलपं दुरुस्त करणारा महेबूब तिच्यावर छत्री धरायचा. एकदा तो साहेबांना म्हणाला, "साब, मेरे पास सौ चाबियां हैं. एक इशारा करो, ये सील क्या चीज है." भिकाबाईनं त्याला गप्प केलं. "तू न्हाई खोलायचं, महेबूब. ज्यानं लावलं तो खोलंल."

तिसऱ्या बाजारी गर्दी ताकासाठी नाही, तिच्यासाठी जमू लागली. धुंडीतल्या सगळ्या बायका आल्या. काठ्या आणल्या नव्हत्या, पण त्या बायकांना पाहिलं की काठ्या आपोआप आठवतात. निदान मला तरी. साहेब आले. घामानं सदरा पाठीला चिकटलेला.

"आजी, तुमचं म्हणणं काय आहे नेमकं?"

"तुमी सील तुमच्या हातानं काढायचं. अर्ज न्हाई, विनंती न्हाई. अन् जसं भोंग्यावर सांगितलं होतं तसंच भोंग्यावर सांगायचं, का ताकात विष न्हवतं. तीन चकरा."

"मी कचरागाडीत बसू?"

"माझं नाव बसलं होतं की तिच्यात."

साहेबांनी आजूबाजूला पाहिलं. मी त्यांच्याकडे पाहून सदरा थोडा वर करू लागलो, तर ते म्हणाले, "नको, नको, कळलं." खिशातला पेन काढून त्यांनी घागरीवरची लाख स्वतः टोकरली. लाख उन्हानं मऊ झाली होती, नखांत अडकली. झाकण उघडलं तसा महिन्याभराच्या आंबलेल्या ताकाचा असा भपका आला की पुढच्या रांगेतले चारजण मागे सरकले. साहेब सरकले नाहीत. तेवढं मी त्यांच्या बाजूनं सांगेन.

भिकाबाईनं ते ताक गटारात ओतलं, घागर चिंचेनं घासली, उकळून आणलेल्या पाण्यानं दोनदा विसळली, आणि हात साबणानं कोपरापर्यंत धुतले, सगळ्यांना दिसेल असे. निलमनं आणलेल्या किटलीतून ताजं ताक घागरीत पडलं. पण तिनं पेला भरला नाही. कचरागाडीची वाट पाहिली.

गाडी आली. साहेब चालकाशेजारी बसले, माइक हातात घेतला. "भिकाबाई यांच्या ताकात," ते पुटपुटले, "विषारी जंतू आढळले नव्हते. आधीची सूचना चुकीची होती."

"ऐकू आलं न्हाई," भिकाबाई म्हणाली.

साहेबांनी परत सांगितलं, जरा मोठ्यानं.

"धान्यबाजारात ऐकू गेलं का रे महेबूब?"

"ना अम्मा," महेबूब म्हणाला. तो धान्यबाजारात नव्हताच, तिच्या शेजारीच उभा होता.

तेव्हा साहेबांनी डोळे मिटले, छाती भरून श्वास घेतला आणि असे ओरडले की लिंबावरचे कावळे उठले. गाडी हलली. पहिली चक्कर भाजीकडून, दुसरी कापडाच्या दुकानांवरून. आवाज लांब जाऊन परत येत होता. तिसरी चक्कर पूर्ण झाल्यावर भिकाबाईनं पेला भरला, आणि रांगेतल्या पहिल्या माणसाला बाजूला सारून म्हणाली,

"थांब. साहेबांचा घसा सुकला असंल. आधी त्यांना."